उगेत्सु मोनोगातारी
उगेत्सु मोनोगातारी : मध्ययुगीन जपानी यादवीच्या पार्श्वभूमीवर रचलेला एक अभिजात जपानी चित्रपट (१९५३). मूळ जपानी शीर्षकाचा अर्थ ‘पाऊस व चंद्र ह्यांच्या कथा’ असा होतो. दिग्दर्शक मिझोगुची केंजी (१८९८–१९५६). निर्मिती दाइएई ह्या चित्रसंस्थेची असून निर्माता नागाता मासाइची हा होता. कृष्णधवल; अवधी सु. ९६ मिनिटे. जपानमध्ये तो २६ मार्च १९५३ रोजी प्रदर्शित झाला. मनुष्य आणि पिशाच ह्यांच्यातील प्रणय, मृत पत्नीचे पुनरागमन, मांत्रिक अक्षरांनी होणारे रक्षण हे पूर्व आशियाई लोककथांतील जुने विषय ह्या चित्रपटात आले आहेत. तथापि भयनिर्मिती हा त्याचा हेतू नाही. युद्धाच्या काळात सामान्य माणसाच्या मनात जागा होणारा लोभ आणि त्या लोभाची किंमत मोजणाऱ्या स्त्रिया हा त्याचा खरा विषय होय. चित्रपटातील भुते ही ह्या इतिहासाची साक्षीदार म्हणून येतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : चित्रपटाचे कथानक १५८३ च्या सुमारास ओमी प्रांतातील बिवा सरोवराच्या परिसरात घडते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या ‘सेन्गोकु’ ह्या यादवी कालखंडाचा तो अखेरचा टप्पा होता. बहुतेक मध्य जपान आपल्या अंमलाखाली आणणारा ओदा नोबुनागा १५८२ मध्ये क्योतो येथे आपल्याच सरदाराच्या विश्वासघातामुळे मृत्युमुखी पडला. त्याच्या वारशासाठी शिबाता कात्सुइए आणि हाशिबा (पुढे तोयोतोमी) हिदेयोशी ह्या दोन सेनानींत झुंज जुंपली. सरोवराच्या उत्तर टोकाजवळील शिझुगाताके येथील लढाईत (१५८३) हिदेयोशीचा विजय झाला. चित्रपटातील खेडे ह्या दोन सैन्यांच्या वाटेवरच वसलेले आहे. सैन्याची रसद, वेठीस धरलेले पुरुष, लुटलेली कोठारे आणि विटंबना झालेल्या स्त्रिया ह्या रूपांतच हे युद्ध तेथील रहिवाशांच्या वाट्याला येते.

चित्रपटातील दोन्ही पुरुषांच्या महत्त्वाकांक्षांना ह्या काळात प्रत्यक्ष आधार होता. हिदेयोशी हा स्वतः सामान्य कुळात जन्मलेला होता. भाला घेऊन पायदळात शिरलेला शेतकरी पराक्रमाने, क्वचित केवळ नशिबाने, सरदारपदी पोहोचू शकत असे. शत्रूच्या सेनानीचे शिर आणून दाखविणाऱ्यास बक्षीस मिळे व त्यासाठी शिरांच्या तपासणीचा रीतसर विधी होता. हा मार्ग लवकरच बंद झाला. हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे जप्त करविली आणि १५९१ च्या फर्मानाने योद्धे व शेतकरी ह्यांतील सीमा पक्की केली. दुसरीकडे चहापानविधीचा प्रसार आणि सेन नो रिक्यु (१५२२–९१) ह्यासारख्या आचार्यांची अभिरुची ह्यांमुळे मातीच्या भांड्यांना सरदारांच्या घरी मान व मोल प्राप्त झाले होते. ओमी प्रांतातच शिगाराकी हे मृत्पात्रीचे जुने केंद्र होते. तेव्हा कुंभाराने श्रीमंतीचे आणि शेतकऱ्याने सामुराई होण्याचे स्वप्न पाहावे, ह्यात त्या काळी असंभाव्य असे काही नव्हते. चित्रपटातील शोकात्मिकेला ह्या संभाव्यतेमुळेच धार येते.

लोकपरंपरा व साहित्यिक मूलस्रोत : अतृप्त वासना, अन्याय वा प्रतीक्षा ह्यांमुळे मृतात्मा इहलोकी घुटमळत राहतो, ही जपानी लोकविश्वासातील एक दृढ कल्पना आहे. बाराव्या शतकातील कोन्जाकु मोनोगातारीशु हा एक हजाराहून अधिक कथांचा संग्रह ह्या परंपरेचा मोठा ठेवा होय. त्याचे भारत (तेन्जिकु), चीन व जपान असे तीन विभाग असून पहिल्या विभागात बुद्धचरित्र व बौद्ध कथा आहेत. त्यागलेल्या पत्नीकडे परत आलेल्या नवऱ्याने रात्र तिच्या सहवासात घालविली आणि सकाळी त्याला शेजारी केवळ तिचा सांगाडा आढळला, अशी एक कथा ह्या संग्रहातील जपानी विभागात आहे. पुढे तोकुगावा काळात (१६०३–१८६७) लोकांनी रात्री एकत्र जमून एकामागून एक भयकथा सांगावयाच्या आणि प्रत्येक कथेनंतर एक दिवा मालवावयाचा, असा ‘शंभर कथां’चा खेळ लोकप्रिय झाला. त्यातून अद्भुतकथांच्या छापील संग्रहांना मोठी मागणी निर्माण झाली.

ह्या वाङ्मयप्रकारातील सर्वश्रेष्ठ कृती म्हणजे उएदा आकिनारी (१७३४–१८०९) ह्याचा उगेत्सु मोनोगातारी (१७७६) हा नऊ कथांचा संग्रह. आकिनारी हा ओसाका येथे जन्मला आणि एका व्यापारी कुटुंबात दत्तक म्हणून वाढला. बालपणी देवीच्या आजारात त्याची बोटे कायमची अधू झाली. व्यापार, वैद्यक आणि प्राचीन जपानी वाङ्मयाचे संशोधन असे विविध व्यवसाय त्याने केले. मोतोओरी नोरिनागा ह्या विख्यात पंडिताशी त्याचा झालेला वाद प्रसिद्ध आहे. उगेत्सु हा संग्रह त्याने टोपणनावाने प्रसिद्ध केला. पाऊस थांबून धूसर चांदणे पडलेल्या रात्री तो लिहून पुरा झाला, असा उल्लेख त्याच्या प्रस्तावनेत असून तोच शीर्षकाचा आधार होय. चिनी कथांची जपानी रूपांतरे करताना आकिनारीने त्यांना निश्चित काळ, स्थळ आणि मनोविश्लेषणाची जोड दिली. त्याची भुते बाहेरून येऊन माणसाला झपाटत नाहीत. माणसाच्या मनातील उणिवेतूनच त्यांना वाट मिळते.

चित्रपटासाठी ह्या संग्रहातील दोन कथांचा आधार घेतलेला आहे. ‘आसाजी गा यादो’ (गवताने वेढलेले घर) ह्या कथेतील कात्सुशिरो हा आपली पत्नी मियागी हिला गावी ठेवून रेशीम विकण्यासाठी राजधानीस जातो. शरदात परत येण्याचे त्याचे वचन १४५५ मध्ये उद्‌भवलेल्या यादवीमुळे फोल ठरते. सात वर्षांनी तो परततो, तेव्हा पत्नी त्याची वाट पाहत असलेली दिसते. पण पहाट होते ती मोडकळीस आलेल्या, छप्पर उडालेल्या घरात. पत्नी केव्हाच मरण पावलेली असते. ‘जासेई नो इन’ (सर्पिणीची वासना) ह्या दुसऱ्या कथेत तोयोओ नावाच्या तरुणाला पावसात भेटलेली मानागो ही सुंदर स्त्री वस्तुतः सर्पिणी असते. तिने दिलेली तलवार चोरीची ठरून तो संकटात सापडतो आणि शेवटी एक भिक्षू तिला वश करून पुरून टाकतो. चीनमधील श्वेत सर्पिणीच्या लोकप्रिय आख्यायिकेचे हे जपानी रूप होय. ह्याच कथेवर तानिझाकी जुन्इचिरो ह्या कादंबरीकाराच्या पटकथेवरून १९२१ मध्ये एक मूकपट निघाला होता.

चित्रपटातील तिसरा धागा पाश्चात्त्य आहे. सन्मानचिन्हाच्या हव्यासापायी स्वतःच्या पत्नीच्या वर्तनाकडे डोळेझाक करणाऱ्या नवऱ्याची गी द मोपासां ह्या फ्रेंच लेखकाची उपरोधिक कथा मिझोगुचीच्या डोळ्यांसमोर होती. तीतून सामुराई होऊ पाहणाऱ्या तोबेईचे उपकथानक आकारास आले.

मिझोगुची व पटकथेची घडण : मिझोगुचीचा जन्म तोक्यो येथे झाला. वडिलांचा धंदा बुडाल्यामुळे कुटुंब दारिद्र्यात लोटले गेले आणि त्याच्या थोरल्या बहिणीला गेशा व्हावे लागले. पुढे तिच्याच आधाराने त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले. घरातील पुरुषाच्या उत्कर्षासाठी स्त्रीने दिलेला बळी हा त्याच्या चित्रपटांचा कायम विषय होण्यामागे ह्या अनुभवाचा वाटा आहे, असे त्याचे बहुतेक चरित्रकार मानतात. १९२३ मध्ये तो दिग्दर्शक झाला. त्याने ऐंशीहून अधिक चित्रपट काढले. परंतु त्यांपैकी सु. तीसच आज उपलब्ध आहेत. नानिवा एरेजी आणि गिओन नो क्योदाइ (दोन्ही १९३६) ह्या चित्रपटांनी त्याला वास्तववादी दिग्दर्शक म्हणून मान्यता मिळवून दिली. महायुद्धाच्या काळात त्याने शासनाच्या धोरणास अनुकूल असे चित्रपटही काढले. गेन्रोकु चुशिन्गुरा (१९४१-४२) हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. उगेत्सु मधील युद्धविरोधाचा विचार करताना ही बाब दृष्टीआड करता येत नाही.

युद्धानंतरची त्याची पहिली काही वर्षे अस्थिर गेली. कुरोसावा आकिरा ह्याच्या राशोमोन (१९५०) ह्या चित्रपटास १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि जपानी चित्रपटांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. पुढच्याच वर्षी मिझोगुचीच्या साइकाकु इचिदाइ ओन्ना (१९५२) ह्या चित्रपटाचा तेथे गौरव झाला. राशोमोन ज्या दाइएई संस्थेचा होता, तिनेच उगेत्सु ची निर्मिती हाती घेतली. राशोमोन मधील प्रमुख नट मोरी मासायुकी, नटी क्यो माचिको आणि छायाचित्रकार मियागावा काझुओ हे तिघेही तीत होते.

पटकथा कावागुची मात्सुतारो (१८९९–१९८५) व योदा योशिकाता (१९०९–९१) ह्यांनी लिहिली. कावागुची हा मिझोगुचीचा बालमित्र व लोकप्रिय कथाकार, तर योदा हा १९३६ पासूनचा त्याचा सहकारी होता. योदाने लिहिलेल्या आठवणींवरून मिझोगुचीच्या कार्यपद्धतीची चांगली कल्पना येते. तो स्वतः क्वचितच लिहीत असे. पण समाधान होईपर्यंत मसुद्यांमागून मसुदे लिहवून घेई. युद्ध कोणत्याही कारणाने उद्‌भवलेले असो, त्याची हिंसा सामान्य माणसाच्या शरीरावर व मनावर कशी कोसळते हे दाखविले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. जपानवरील दोस्त राष्ट्रांचा लष्करी अंमल एप्रिल १९५२ मध्ये संपला होता आणि पराभवाला अद्याप आठ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. उद्ध्वस्त घरे, हरवलेले आप्त, उपाशी सैनिक आणि देहविक्रय करावा लागलेल्या स्त्रिया ह्या गोष्टी १९५३ च्या जपानी प्रेक्षकाला इतिहासाच्या पुस्तकातून शिकावयाच्या नव्हत्या.

कथानक : गेंजुरो हा कुंभार, त्याची पत्नी मियागी व लहान मुलगा गेनइची हे बिवा सरोवरालगतच्या खेड्यात राहतात. सैन्यांच्या हालचालींमुळे नागाहामा ह्या गावात भांड्यांना भलताच भाव आलेला असतो. पहिल्याच फेरीत हाती आलेल्या पैशाने गेंजुरोची हाव वाढते. आपल्याला उंची वस्त्रापेक्षा त्याचा सहवास मोलाचा वाटतो, ही मियागीची भावना त्याला उमगत नाही. त्याचा शेजारी व आप्त तोबेई ह्याला सामुराई होण्याचे वेड असते आणि त्याची पत्नी ओहामा ते निवारण्याचा व्यर्थ प्रयत्न करते. शिबाताचे सैनिक गावावर चाल करून येतात. तरीही गेंजुरोचे चित्त पेटत्या भट्टीतील भांड्यांत गुंतलेले असते. भट्टी सुदैवाने शाबूत राहते आणि सर्वजण नावेतून सरोवरापलीकडील ओमिझो गावी निघतात. धुक्यात त्यांना वाहत येणाऱ्या नावेतील मरणासन्न नावाडी भेटतो. चाच्यांबद्दलचा त्याचा इशारा ऐकून मियागी व मूल ह्यांना किनाऱ्यावर सोडण्यात येते.

ओमिझोच्या बाजारात भांडी हातोहात खपतात. तोबेई आपला वाटा घेऊन चिलखत व भाला विकत घेण्यासाठी पळ काढतो. त्याला शोधणाऱ्या ओहामावर सैनिक बलात्कार करतात. इकडे वाकासा नावाची एक कुलीन तरुणी आणि तिची वृद्ध दाई गेंजुरोकडून भांडी खरेदी करतात व त्याला आपल्या वाड्यावर बोलावतात. तेथे त्याच्या कलेची स्तुती होते, त्याच्याच पात्रांतून त्याला मद्य दिले जाते आणि वाकासाशी त्याचा विवाह लागतो. घरदार विसरून तो तेथे रमतो. ह्याच सुमारास गावाकडे परतणाऱ्या मियागीला भुकेले सैनिक अडवितात, तिच्याजवळचे थोडेसे अन्न हिसकावतात व तिला भाल्याने भोसकतात. पाठीवर मूल घेतलेली ती तशीच काठीच्या आधाराने चालत राहते.

तोबेई हा एका सेनानीचे शिर चोरून ते आपणच कापल्याची बतावणी करतो. त्याला घोडा, चिलखत व अनुचर मिळतात. आपला डौल मिरवीत गावी निघालेला तो वाटेत एका वेश्यागृहात उतरतो आणि तेथे त्याची गाठ ओहामाशी पडते. गेंजुरोला मात्र एक भिक्षू सावध करतो. वाकासाचे कुटुंब नोबुनागाने नष्ट केलेले असून, प्रेमाचा अनुभव न घेताच मेलेली ती तरुणी पिशाचरूपाने वावरत असते. भिक्षूने अंगावर लिहिलेल्या मंत्राक्षरांच्या बळावर गेंजुरो तिच्यापासून सुटतो. शुद्धीवर येतो, तेव्हा वाड्याच्या जागी जळके अवशेष असतात. अधिकारी त्याच्या हातातील तलवार चोरीची ठरवितात व त्याचे पैसेही नेतात. रात्री तो घरी पोहोचतो. मियागी चुलीजवळ बसलेली असते. ती त्याला जेवू घालते, निजलेल्या बापलेकांशेजारी रात्रभर शिवणकाम करते आणि पहाटे नाहीशी होते. तिच्या मृत्यूची वार्ता त्याला गावच्या मुखियाकडून कळते. शेवटी तोबेई शस्त्रे टाकून पत्नीसह शेतीकडे वळतो. गेंजुरो पुन्हा चाक फिरवू लागतो. मियागीचा केवळ स्वर त्याच्या सोबतीला असतो. लहान गेनइची आपल्या ताटातील अन्न आईच्या थडग्यावर नेऊन ठेवतो.

लोकविश्वास व नाट्यसंकेत : ह्या चित्रपटातील दोन भुते परस्परांहून भिन्न आहेत. वाकासा ही अपूर्ण वासनेने बांधलेली, तर मियागी ही अपूर्ण कर्तव्याने बांधलेली आहे. एकीचा वाडा वैभवाने झगमगतो, दुसरीचे घर एका चुलीच्या उजेडापुरते आहे. पहिलीपासून पुरुषाने सुटका करून घ्यावयाची, दुसरीची सोबत त्याला मागूनही लाभत नाही. तथापि दोघीही एकाच युद्धाच्या बळी आहेत, ही गोष्ट दिग्दर्शक विसरू देत नाही. म्हणूनच आकिनारीच्या सर्पिणीला त्याने मूळ कथेप्रमाणे दुष्ट योनीतील प्राणी न ठेवता मृत राजकुळातील स्त्री केले. हा बदल लहान दिसला, तरी त्यामुळे भयकथेचे स्वरूपच पालटले. वाकासाची भीती वाटते, पण त्याहून अधिक तिची कीव येते.

वाकासाच्या चित्रणात ‘नो’ ह्या अभिजात नाट्यप्रकाराचे संकेत पदोपदी आढळतात. झेआमी (सु. १३६३–१४४३) ह्याच्या अनेक नाटकांत मृतात्मा वाटसरूसमोर प्रकट होऊन आपली व्यथा सांगतो. राजधानीस गेलेल्या पतीची वाट पाहत झुरून मेलेल्या पत्नीचे किनुता हे त्याचे नाटक मियागीच्या कथेशी जवळचे आहे. वाकासाची कपाळावर उंच रंगविलेल्या भुवयांची रंगभूषा नो मुखवट्याची आठवण करून देते. तिचे चालणे, बसणे व नृत्यही त्याच शैलीचे आहे. तिच्या नृत्याच्या वेळी पित्याच्या चिलखतातून येणारा खर्जातील स्वर हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत भयसूचक होय. गेंजुरोच्या पाठीवर लिहिली जाणारी अक्षरे भारतीय वाचकाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. जपानमधील मंत्रयानी बौद्ध पंथांत संस्कृत बीजाक्षरे ‘सिद्धम्’ ह्या प्राचीन भारतीय लिपीत लिहिण्याची प्रथा आजही टिकून आहे. चीनमार्गे तेथे पोहोचलेल्या ह्या लिपीला संरक्षक सामर्थ्य असल्याचा समज लोकधर्मात रूढ झाला.

चित्रणशैली : मिझोगुचीचा भर एकाच प्रसंगाचे दीर्घ व अखंड चित्रण करण्यावर होता. निकटदृश्ये तो क्वचितच वापरी. जपानी गुंडाळपट चित्र जसे हळूहळू उलगडत जाते, तसा चित्रपट उलगडावा अशी त्याची अपेक्षा होती. मियागावा काझुओ (१९०८–९९) ह्याने ती पूर्ण करण्यासाठी यारीवर बसविलेल्या कॅमेऱ्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. चित्रपटाचा सु. ७० टक्के भाग अशा रीतीने चित्रित झाल्याचे त्याने पुढे सांगितले. करड्या रंगाच्या सूक्ष्म छटा आणि सौम्य प्रकाश ह्यांमुळे सरोवरावरील धुक्याच्या दृश्यात पाणी व आकाश ह्यांची सीमा पुसली जाते. इहलोक व परलोक ह्यांतील सीमाही पुढे अशीच पुसली जाणार असल्याची ती पूर्वसूचना ठरते.

गेंजुरो घरी परततो तो प्रसंग चित्रपटकलेच्या अभ्यासकांनी वारंवार उल्लेखिलेला आहे. तो अंधाऱ्या, निर्मनुष्य घरात शिरतो. चूल विझलेली असते. तो मागील दाराने बाहेर पडून घराला वळसा घालतो. कॅमेरा आतूनच त्याच्या मागोमाग फिरत पुन्हा चुलीकडे येतो, तेव्हा तेथे विस्तव पेटलेला असून मियागी स्वयंपाक करीत असते. ह्यात कोठेही तोड नाही, चमत्कृतिजन्य छायाचित्रण नाही, संगीताचा धक्का नाही. प्रेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली रिकामी जागा भरून निघते, एवढेच घडते. मियागीच्या हत्येच्या प्रसंगीही हीच तटस्थता आहे. उंचावरून पाहणारा कॅमेरा पुढे धडपडत चाललेली मियागी आणि मागे शेतात हिसकावलेल्या अन्नासाठी भांडणारे सैनिक ह्यांना एकाच चौकटीत ठेवतो. मारणारेही भुकेले आहेत, हे त्यामुळे शब्दांवाचून कळते. चित्रपटाच्या प्रारंभी व अखेरीस खेड्याच्या परिसरावरून फिरणारी दृश्ये एकमेकांस जुळणारी आहेत. ती माणसांच्या दुःखापलीकडे चालू राहणाऱ्या सृष्टिक्रमाकडे लक्ष वेधतात.

हायासाका फुमिओ (१९१४–५५) ह्याच्या संगीत दिग्दर्शनात बासरी, ढोल आदी पारंपरिक जपानी वाद्यांचा वापर आहे. कलादिग्दर्शन इतो किसाकु ह्याचे व वेशभूषा काइनोशो तादाओतो ह्या चित्रकाराची आहे. मियागीची भूमिका तानाका किनुयो (१९०९–७७) हिने केली. १९५३ मध्येच तिने स्वतः दिग्दर्शनात पदार्पण केले. ओझावा साकाए (तोबेई) व मितो मित्सुको (ओहामा) ह्यांच्याही भूमिका महत्त्वाच्या आहेत.

आशय व मतभेद : गेंजुरो व तोबेई ह्या दोघांचीही स्वप्ने काही काळ खरी होतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एकाला संपत्ती व रसिक सौंदर्यवती, दुसऱ्याला पद व अनुचर मिळतात. परंतु प्रत्येक प्राप्तीच्या क्षणीच त्याची पत्नी कोठेतरी त्याचे मोल चुकवीत असते. ही सांगड नुसत्या योगायोगाची नाही. भांड्यांना भाव येतो तो युद्धामुळे, आणि मियागीला मारणारे सैनिक रस्त्यावर भटकतात तेही युद्धामुळेच. संकटातून नफा मिळविणारा आपल्याच घरी ते संकट ओढवून घेतो, हा ह्या चित्रपटाचा नैतिक गाभा होय.

चित्रपटाच्या शेवटाबद्दल मात्र मतभेद आहेत. तोबेईची महत्त्वाकांक्षा न शमता तशीच पुढे चालू राहावी, असा कठोर शेवट मिझोगुचीला अभिप्रेत होता. परंतु निर्मितिसंस्थेला सौम्य शेवट हवा होता व तोच ठेवला गेला. त्यामुळे तोबेईचा पश्चात्ताप व पतिपत्नींचा समेट काहीसा सुलभ वाटतो. ओहामाने जे भोगले ते चिलखत नदीत फेकल्याने मिटत नाही. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मियागीच्या मृत्यूनंतर गेंजुरो खरा कलावंत होतो आणि तिचा स्वर त्याला समाधान देतो. स्त्रीच्या बलिदानावर पुरुषाची कला उभी राहते, ह्या कल्पनेचे येथे उदात्तीकरण होते, असे काही स्त्रीवादी समीक्षकांनी म्हटले आहे. हा आक्षेप निराधार नाही. तथापि अखेरचे दृश्य कुंभाराच्या चाकाचे नसून थडग्यावर अन्न ठेवणाऱ्या मुलाचे आहे. जे गेले ते भरून आलेले नाही, ह्याची कबुली त्यात आहे. मियागीच्या आयुष्यातील अन्नाचा शेवटचा घास सैनिकांनी हिसकावला होता. तोच तिचा मुलगा तिला परत देतो.

मानसन्मान व प्रभाव : किनेमा जुम्पो ह्या जपानी नियतकालिकाच्या १९५३ च्या उत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत उगेत्सु ला तिसरे स्थान मिळाले. ओझु यासुजिरो ह्याचा तोक्यो मोनोगातारी हा त्याच वर्षी दुसऱ्या स्थानावर होता. व्हेनिसच्या १९५३ च्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक कोणासही देण्यात आले नाही. रौप्य सिंह मिळविणाऱ्या चित्रपटांत उगेत्सु चा समावेश होता. वेशभूषेसाठी त्याचे ऑस्कर पारितोषिकाकरिता नामांकन झाले. साइट अँड साउंड ह्या ब्रिटिश नियतकालिकाने १९६२ व १९७२ मध्ये समीक्षकांच्या घेतलेल्या मतनोंदणीत जगातील पहिल्या दहा चित्रपटांत त्याची गणना झाली. फ्रान्समधील काये द्यू सिनेमा ह्या नियतकालिकाभोवतीचे झाक रिव्हेत व झां-ल्यूक गोदार ह्यांसारखे तरुण समीक्षक-दिग्दर्शक मिझोगुचीचे मोठे चाहते होते. पूर्वेकडील अपरिचित चालीरीतींच्या कुतूहलापलीकडे जाऊन त्याच्या दृश्यभाषेचा विचार करण्याची दृष्टी त्यांच्या लेखनाने दिली.

मिझोगुचीने ह्यानंतर सान्शो दायु आणि चिकामात्सु मोनोगातारी (दोन्ही १९५४) हे श्रेष्ठ चित्रपट काढले. आकासेन चिताइ (१९५६) हा वेश्यावस्तीवरील त्याचा अखेरचा चित्रपट. त्याच वर्षी जपानमध्ये वेश्याव्यवसायास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला. २४ ऑगस्ट १९५६ रोजी क्योतो येथे रक्ताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. लोककथेतील अद्भुताचा गंभीर उपयोग करणाऱ्या पुढील जपानी चित्रपटांना उगेत्सु ने वाट करून दिली. कोबायाशी मासाकी ह्याचा काइदान (१९६४) ह्यातील पहिली कथा कोन्जाकु मधील वर उल्लेखिलेल्या त्यागलेल्या पत्नीच्या कथेवरून, लॅफ्काडिओ हर्नच्या रूपांतराद्वारे, आली आहे. शिन्दो कानेतो ह्याने ओनिबाबा (१९६४) व कुरोनेको (१९६८) ह्यांत यादवीच्या काळातील उपाशी व अत्याचारित स्त्रियांनाच भयकथेच्या केंद्रस्थानी आणले. शिन्दो हा मिझोगुचीच्या हाताखाली काम केलेला होता व त्याने १९७५ मध्ये मिझोगुचीच्या जीवनावर माहितीपटही काढला.

दाइएई संस्थेचे १९७१ मध्ये दिवाळे निघाले. तिचे चित्रपट पुढे कादोकावा ह्या संस्थेकडे आले. उगेत्सु ची नव्या तंत्राने सिद्ध केलेली पुनरुज्जीवित प्रत २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविण्यात आली. मिझोगुचीचे बहुसंख्य चित्रपट कायमचे नष्ट झालेले असताना ही कृती सुस्थितीत टिकून राहिली, ही समाधानाची बाब होय. पुरुषांच्या पराक्रमाच्या बखरी सर्वत्र लिहिल्या गेल्या. त्या पराक्रमाच्या वाटेवर चिरडल्या गेलेल्या स्त्रियांची नोंद बहुधा लोककथांनी, तीही भुतांच्या रूपाने, ठेवली. ती नोंद वाचून तिला दृश्यरूप देणारा चित्रपट म्हणून उगेत्सु मोनोगातारी चे महत्त्व आहे.